न्यायालयाची वास्तू आणि न्यायाची भाषा : मुंबई उच्च न्यायालयाची इमारत

घटक ४

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस –
१. मुंबई उच्च न्यायालयाच्या स्थापनेचा व इमारतीचा इतिहास सांगता येईल.
२. या वास्तूची रचना आणि तिच्यातून व्यक्त होणारी सत्तेची कल्पना यांचा संबंध स्पष्ट करता येईल.
३. न्यायव्यवहाराच्या मराठीतील शब्दांचे ऐतिहासिक थर ओळखता येतील.
४. न्यायालयात मराठी भाषकाला येणाऱ्या भाषिक अडचणींचे स्वरूप उदाहरणांसह मांडता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण प्रशासनाच्या मराठीचा परिचय करून घेतला. या घटकात आपण न्यायव्यवहाराच्या भाषेकडे वळणार आहोत. मात्र या वेळी आरंभ शब्दकोशापासून न करता एका इमारतीपासून करावयाचा आहे.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यातील ‘पायरी’ हा शब्द नीट पाहा. खटला चालविणे, वकील करणे, तारखांना हजर राहणे, पैसा व वेळ खर्च करणे या सगळ्या व्यवहारासाठी म्हणीने वास्तूचा एक लहानसा भाग निवडला आहे. व्याकरणाच्या परिभाषेत ही लक्षणा होय. पण ‘उंबरठा’ किंवा ‘दार’ न निवडता ‘पायरी’च का निवडली गेली? न्याय हा वर, उंचावर असतो. सामान्य माणसाने तेथवर चढून जावयाचे असते. आणि ते चढणे त्याला जड जाते, असा अनुभव या शब्दात साठलेला आहे.

वास्तू माणसाला कोठे उभे राहावयाचे ते सांगते. भाषा त्याला बोलता येईल की नाही ते ठरविते. न्यायालयात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. म्हणून मुंबई उच्च न्यायालयाची इमारत आणि तिच्यात वावरणारी भाषा यांचा अभ्यास आपण एकत्रितपणे करणार आहोत.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ इमारतीपूर्वीचा न्याय

मराठी मुलखात न्यायनिवाड्याची परंपरा जुनी आहे. मात्र न्यायासाठी खास बांधलेली इमारत ही कल्पना त्या परंपरेत प्रमुख नव्हती. शिवकाळात व पेशवाईत गावचे तंटे गोतसभेपुढे येत. ही सभा चावडीवर, देवळाच्या आवारात किंवा नदीकाठी भरे. वादी-प्रतिवादींचे म्हणणे ऐकून, साक्षी घेऊन निवाडा होई आणि त्याचा लेख तयार होई. या लेखाला ‘महजर’ म्हणत. महजरावर उपस्थितांची नावे व साक्षी असत. ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या व्यवसायाची निशाणी करीत. शेतकऱ्याचा नांगर, व्यापाऱ्याचा तराजू अशा निशाण्या जुन्या कागदांवर आढळतात.

भाषेच्या दृष्टीने दोन गोष्टी येथे लक्षात घ्याव्यात. पहिली, निवाड्याची भाषा ही वादी, प्रतिवादी, साक्षीदार आणि निवाडा करणारे या सर्वांची समान भाषा होती. मोडी लिपीतील मजकूर प्रत्येकाला वाचता येत नसला, तरी वाचून दाखविल्यावर तो समजत असे. दुसरी, ही मराठी ‘शुद्ध’ नव्हती. ‘महजर’, ‘हाजीर’, ‘मजलस’, ‘दस्तऐवज’ असे अरबी-फारसी शब्द तिच्यात मुरलेले होते. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथ पंडितांनी सिद्ध केलेला ‘राज्यव्यवहारकोश’ हा अशा शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा प्रयत्न होता. तथापि न्यायव्यवहारातील बरेचसे फारसी शब्द त्यानंतरही टिकून राहिले.

या जुन्या व्यवस्थेचे आदर्शीकरण मात्र करू नये. सभेत कोणी बसावे, कोणाच्या साक्षीला वजन असावे, हे जातीवर व मानपानावर अवलंबून असे. स्त्रियांचे व गावकुसाबाहेरच्या समाजाचे तेथील स्थान गौण होते. कायद्यापुढे सर्व समान, हे तत्त्व त्या सभेत गृहीत धरलेले नव्हते. म्हणजे भाषा सर्वांची होती, पण आसन सर्वांचे नव्हते. पुढे जी न्यायालये आली त्यांनी आसनाचा प्रश्न तत्त्वतः सोडविला आणि भाषेचा नवा प्रश्न निर्माण केला.

४.३.२ मुंबईतील न्यायालये : १६७२ ते १८६२

मुंबई बेटावर ईस्ट इंडिया कंपनीचे पहिले न्यायालय गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिए याच्या काळात, १६७२ मध्ये सुरू झाले. त्यानंतर १७२८ मध्ये मेयरचे न्यायालय, १७९८ मध्ये रेकॉर्डरचे न्यायालय आणि १८२४ मध्ये सुप्रीम कोर्ट अशी संस्थांतरे झाली. या सुप्रीम कोर्टाला स्वतःची भव्य वास्तू नव्हती. अपोलो स्ट्रीटवरील ज्या जुन्या इमारतीत ते भरत असे, ती पुढे ग्रेट वेस्टर्न हॉटेल म्हणून ओळखली गेली.

याच काळात मुंबई बेटाबाहेरच्या मुलखासाठी, म्हणजे ‘मोफसल’ भागासाठी, कंपनीची वेगळी न्यायालये होती. त्यांच्या शिखरावर सदर दिवाणी अदालत व सदर फौजदारी अदालत या संस्था होत्या. अशा रीतीने एकाच प्रांतात दोन न्यायप्रवाह वाहत होते. बेटावरील सुप्रीम कोर्टाची भाषा इंग्रजी होती, तर मोफसल न्यायालयांचा दैनंदिन व्यवहार मराठी, गुजराती, कानडी अशा स्थानिक भाषांतून चाले.

१८६१ च्या कायद्यान्वये हे दोन्ही प्रवाह एकत्र आणले गेले आणि १४ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबई उच्च न्यायालय सुरू झाले. सर मॅथ्यू सॉसे हे पहिले मुख्य न्यायमूर्ती होत. जुन्या दुभंगाची खूण आजही या न्यायालयाच्या कामकाजात दिसते. ‘मूळ शाखा’ ही सुप्रीम कोर्टाची वारसदार आणि ‘अपील शाखा’ ही सदर अदालतींची वारसदार होय.

उपनगरांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी येथे एक बाब विशेष लक्षात घ्यावी. मूळ शाखेची हद्द मुंबई बेटापुरती होती. आजची अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही ठिकाणे त्या वेळी ‘मुंबई’ नव्हती. ती साष्टीत, ठाणे जिल्ह्यात मोडत. तेथील शेतकरी, आगरी, कोळी किंवा ईस्ट इंडियन कुटुंबाचा जमिनीचा दावा खालच्या न्यायालयात स्थानिक भाषेत चाले. तो उच्च न्यायालयात अपिलात गेला की त्यातील कागदपत्रांचे इंग्रजी भाषांतर होई. अपील वर चढत जाई, तसतशी पक्षकाराची भाषा मागे राही.

४.३.३ वास्तूची उभारणी : १८७१ ते १८७८

एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात मुंबईचे रूप पालटले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडला तेथून मिळणारा कापूस थांबला आणि मुंबईच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. शहरात पैसा आला. याच सुमारास गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दीत फोर्ट भागाची तटबंदी पाडण्यात आली. तट गेल्यामुळे पश्चिमेला मोकळी झालेली जमीन नव्या सार्वजनिक इमारतींसाठी उपलब्ध झाली. १८६५ मध्ये तेजी कोसळली व अनेक जण बुडाले, तरी इमारतींची योजना पुढे चालू राहिली.

ओव्हल मैदानाच्या पूर्व कडेला एका रांगेत सचिवालय (१८७४), विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह (१८७४), राजाबाई मनोरा (१८७८) आणि उच्च न्यायालय (१८७८) उभे राहिले. राज्यकारभार, विद्या आणि न्याय या सत्तेच्या तीन अंगांची ही दगडी ओळच होती. त्या काळी मैदानापलीकडे समुद्र होता. भर घालून उभारलेल्या आर्ट डेको शैलीच्या इमारती नंतर, विसाव्या शतकात आल्या. म्हणजे ही रांग समुद्रावरून येणाऱ्याच्या नजरेत भरावी अशी होती.

उच्च न्यायालयाच्या इमारतीचे काम एप्रिल १८७१ मध्ये सुरू झाले आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये पूर्ण झाले. आराखडा रॉयल इंजिनिअर्सचे कर्नल जेम्स ऑगस्टस फुलर यांचा होता. अंदाजित खर्च १६,४७,१९६ रुपये होता आणि प्रत्यक्ष खर्च १६,४४,५२८ रुपये झाला. अंदाजापेक्षा २,६६८ रुपये कमी लागले! जानेवारी १८७९ मध्ये न्यायालयाचे कामकाज नव्या इमारतीत सुरू झाले.

या बांधकामयुगात उपनगरांचाही वाटा आहे, तो दगडाच्या रूपाने. राजाबाई मनोऱ्यासाठी कुर्ल्याचा फिकट पिवळसर दगड वापरला गेला. डेव्हिड ससून ग्रंथालयाची इमारत मालाडच्या पिवळ्या दगडात आहे. उच्च न्यायालयासाठी मात्र मुख्यतः काळा बेसाल्ट निवडला गेला. त्यामुळे शेजारच्या इमारतींच्या तुलनेत ती अधिक गंभीर भासते. साष्टीतील दगड ज्या काळात शहराच्या वैभवात सामावला, त्या काळात साष्टीतील माणूस मात्र कारभाराच्या हिशेबात शहराबाहेरचाच होता.

४.३.४ वास्तूचे वाचन

ही इमारत ५६२ फूट लांब व १८७ फूट रुंद आहे. तिची शैली गॉथिक पुनरुज्जीवनाची आहे. मध्ययुगीन युरोपातील चर्चची रचना एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडने नव्याने स्वीकारली आणि आपल्या वसाहतींतही नेली. निमुळत्या टोकाच्या कमानी, उतरती छपरे, उंच मनोरे आणि दगडातील कोरीव काम ही तिची लक्षणे येथे स्पष्ट दिसतात. त्याचबरोबर मुंबईच्या उन्हापावसाला तोंड देण्यासाठी खोल, कमानदार व्हरांडे जोडलेले आहेत. परकीय वाक्यरचनेत स्थानिक शब्द बसवावेत तसे हे मिश्रण आहे.

इमारतीच्या मध्यभागी मोठा मनोरा आहे. त्याच्या पश्चिमेस दोन अष्टकोनी मनोरे असून माथ्यावर ‘न्याय’ आणि ‘दया’ यांच्या मूर्ती आहेत. आता आतील मार्गांकडे लक्ष द्या. या अष्टकोनी मनोऱ्यांत न्यायाधीशांसाठी स्वतंत्र जिने योजलेले होते, तर मुख्य जिना पूर्वेच्या बाजूस होता. न्याय देणारा आणि न्याय मागणारा हे एकाच इमारतीत येतात, पण त्यांच्या वाटा वेगळ्या असतात. न्यायालयाच्या खोलीत पोहोचेपर्यंत ते एकमेकांसमोर येत नाहीत. न्यायाधीशावर पक्षकारांचा प्रभाव पडू नये, हा यामागील हेतू योग्यच आहे. तथापि अंतर हेच प्रतिष्ठेचे लक्षण, असा संदेशही ही रचना देते.

मध्यवर्ती न्यायदालन फौजदारी खटल्यांसाठी बांधलेले होते. सागवानी लाकडाचे नक्षीदार छत आणि प्रेक्षकांसाठी सज्जा अशी त्याची रचना आहे. सज्ज्याचे महत्त्व कमी लेखू नये. न्याय उघडपणे, लोकांच्या देखत व्हावा, हे तत्त्व त्यातून वास्तूत उतरले आहे. चावडीवर भोवती गोळा होणारा गाव येथे सज्ज्यावर बसला. मात्र चावडीवरचा गाव साक्ष देत होता, बोलत होता. सज्ज्यावरचा माणूस केवळ ऐकत होता आणि इंग्रजी येत नसेल तर केवळ पाहत होता.

इमारतीच्या खांबांवरील शिल्पांविषयी एक कथा सांगितली जाते. एका डोळ्यावर पट्टी बांधलेले, हाती तराजू धरलेले माकड आणि वकिलाच्या गळपट्टीतील कोल्हा अशी शिल्पे येथे आहेत. बांधकामाचा एक कंत्राटदार न्यायालयात दावा हरला व त्याने दगडातून सूड उगवला, अशी ही कथा. अभ्यासकाने अशी कथा लोककथा म्हणून नोंदवावी, इतिहास म्हणून नव्हे. गॉथिक परंपरेत चर्चच्या खांबांवरही प्राण्यांची उपहासात्मक शिल्पे असत. त्यामुळे या शिल्पांच्या स्पष्टीकरणासाठी सूडकथेची गरज नाही. मात्र ती कथा लोकांना सांगावीशी वाटली, हे महत्त्वाचे आहे. एवढ्या दडपण आणणाऱ्या वास्तूत सामान्य माणसाने हसण्यासाठी शोधलेली ती जागा आहे.

२०१८ मध्ये ‘मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूह’ या नावाने युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा म्हणून घोषित केला. त्यात या इमारतीचा समावेश आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. गोतसभेच्या निवाड्याच्या लेखाला काय म्हणत?
२. मुंबई उच्च न्यायालय कोणत्या दिवशी सुरू झाले?
३. उच्च न्यायालयाच्या इमारतीचा आराखडा कोणी केला?

(आ) योग्य पर्याय निवडा.
४. अपील शाखा ही ........ वारसदार होय. (सुप्रीम कोर्टाची / सदर अदालतींची / मेयरच्या न्यायालयाची)

४.३.५ १९०८ चा खटला : मराठीचा न्याय इंग्रजीत

मध्यवर्ती न्यायदालनाबाहेर एक स्मृतिफलक आहे. तो १९५६ मध्ये, न्या. एम. सी. छागला मुख्य न्यायमूर्ती असताना बसविण्यात आला. ज्युरीने दोषी ठरविल्यानंतरही आपण निर्दोष आहोत, असे लोकमान्य टिळकांनी येथे ठामपणे सांगितले, त्याचे ते स्मारक आहे. १३ ते २२ जुलै १९०८ या काळात त्यांच्यावर येथे राजद्रोहाचा खटला चालला. ‘केसरी’त १२ मे रोजी प्रसिद्ध झालेला ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे अग्रलेख खटल्याचा विषय होते.

या खटल्याचा राजकीय इतिहास आपण जाणता. भाषेच्या अभ्यासकाने तो वेगळ्या नजरेने पाहावयास हवा. आरोप मराठी शब्दांबद्दल होता. ते शब्द मराठी वाचकांसाठी लिहिलेले होते. परंतु न्यायालयापुढे आली ती त्यांची इंग्रजी भाषांतरे. खास ज्युरीत सात युरोपीय व दोन पारशी सदस्य होते. मराठी न जाणणारी ज्युरी मराठी लेखांचा निर्णय कसा करणार, हा आक्षेप टिळकांच्या वतीने बॅ. जोसेफ बॅप्टिस्टा यांनी खटल्याआधीच घेतला होता. न्या. दिनशा दावर यांनी तो मान्य केला नाही.

टिळकांनी आपला बचाव स्वतः केला. सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेऊन मराठी शब्दांच्या छटा आणि त्यांसाठी वापरलेले इंग्रजी शब्द यांतील अंतर त्यांनी दाखविण्याचा प्रयत्न केला. त्यांचे भाषण एकवीस तासांहून अधिक चालले आणि ते इंग्रजीत होते. आपण मराठीत काय लिहिले, हे सांगण्यासाठी मराठी संपादकाला मराठी मुलखाच्या राजधानीत परक्या भाषेचा आश्रय घ्यावा लागला. सात विरुद्ध दोन अशा बहुमताने ज्युरीने त्यांना दोषी ठरविले. सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची व एक हजार रुपये दंडाची शिक्षा झाली.

भाषांतर म्हणजे शब्दाला शब्द देणे नव्हे. शब्दाचा कोशगत अर्थ, संदर्भाने येणारा अर्थ आणि ध्वनित होणारा अर्थ हे वेगळे असतात. अभिधा भाषांतरात बहुधा टिकते. व्यंजना मात्र सहज निसटते किंवा भडक होते. साहित्यात यामुळे रसहानी होते. न्यायालयात मात्र माणसाचे स्वातंत्र्यच पणाला लागते.

तरीही ही वास्तू केवळ अन्यायाची मानणे एकांगी ठरेल. १९१६ मध्ये याच न्यायालयाने टिळकांच्या बेळगाव व अहमदनगर येथील मराठी भाषणांबाबतचा जामिनाचा आदेश रद्द केला. भाषणातील सुटी वाक्ये न पाहता ते समग्र वाचून त्याचा एकंदर परिणाम पाहावा, ही भूमिका त्या निर्णयात होती. अर्थनिर्णयाच्या दृष्टीने हे मोठे पाऊल होते. काशीनाथ त्रिंबक तेलंग आणि महादेव गोविंद रानडे यांच्यासारखे मराठी विद्वान येथे न्यायमूर्ती होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ पासून येथे वकिली केली. महाडच्या चवदार तळ्याचा दिवाणी दावा खालच्या न्यायालयांतून येथे आला. अस्पृश्यांना पाणी न भरू देण्याची प्रथा अनादी काळापासूनची आहे, हे सिद्ध झालेले नाही, असा निर्णय १९३७ मध्ये येथे झाला. गावच्या सभेने ज्यांना आसन दिले नव्हते, त्यांचा हक्क या काळ्या दगडाच्या इमारतीत मान्य झाला, हेही तितकेच खरे.

४.३.६ न्यायव्यवहाराच्या मराठीचे थर

इमारतीच्या भिंतीत जसे वेगवेगळ्या खाणींचे दगड असतात, तसे न्यायव्यवहाराच्या मराठीत वेगवेगळ्या काळांचे शब्द आहेत. स्थूलमानाने तीन थर दिसतात.

(१) अरबी-फारसी थर : अदालत, वकील, फिर्याद, दावा, जामीन, मुचलका, दस्तऐवज, दिवाणी, फौजदारी. यांतील अनेक शब्दांचे अर्थ पालटले आहेत. पेशवाईत ‘वकील’ म्हणजे एका दरबाराने दुसऱ्या दरबारी पाठविलेला प्रतिनिधी. आज तो न्यायालयातील प्रतिनिधी आहे. फारसीत ‘फर्याद’ म्हणजे मदतीसाठी फोडलेली हाक. ‘दाद’ म्हणजे न्याय. म्हणून आपण ‘दाद मागतो’.

(२) इंग्रजी थर : कोर्ट, जज्ज, समन्स, वॉरंट, अपील, स्टे. यांपैकी ‘अपील’, ‘समन्स’ यांना मराठीने आपले प्रत्यय लावून घेतले आहेत : अपिलात, समन्साची.

(३) संस्कृतोद्भव परिभाषेचा थर : न्यायालय, याचिका, प्रतिज्ञापत्र, न्यायमूर्ती, खंडपीठ. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर भाषा संचालनालयाने तयार केलेल्या परिभाषेमुळे, विशेषतः ‘न्यायव्यवहार कोशा’मुळे, या थराला बळ मिळाले.

हे थर एकमेकांत मिसळलेलेही आहेत. ‘साक्षीदार’ या शब्दात ‘साक्षी’ संस्कृत व ‘-दार’ फारसी आहे. ‘कोर्टकचेरी’त इंग्रजी व हिंदुस्थानी शब्दांचा जोड झाला आहे.

काही शब्द तर थेट न्यायदालनाच्या लाकडी सामानातून आले आहेत. न्यायाधीश ज्यावर बसत त्या बाकावरून इंग्रजीत ‘बेंच’ व त्याच्या अर्थानुवादाने मराठीत ‘पीठ’, ‘खंडपीठ’ हे शब्द आले. न्यायाधीशांची जागा व इतरांची जागा विभागणारा कठडा म्हणजे ‘बार’. त्यावरून वकीलवर्गाला ‘बार’ म्हणू लागले. ‘आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे’ हा वाक्प्रचार आपण राजकीय लेखांतही वाचतो. ‘पायरी’, ‘पिंजरा’, ‘पीठ’ या शब्दांतून न्यायालयाची वास्तू न पाहिलेल्या मराठी माणसाच्या बोलण्यातही तिचा नकाशा उतरला आहे.

४.३.७ आजची स्थिती आणि उपनगरे

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार उच्च न्यायालयाच्या कामकाजाची भाषा इंग्रजी आहे. राज्यपालांना राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने राज्याच्या राजभाषेचा वापर प्राधिकृत करण्याची तरतूद त्याच अनुच्छेदात आहे. दुय्यम न्यायालयांची भाषा ठरविण्याचा अधिकार राज्य शासनाला असून १९९८ च्या अधिसूचनेने, काही अपवाद वगळता, ती मराठी ठरविण्यात आली. अलीकडे उच्च व सर्वोच्च न्यायालयांच्या निवडक निकालांची मराठी भाषांतरेही उपलब्ध होऊ लागली आहेत.

दरम्यान न्यायालयाचा भूगोल बदलत गेला. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. १९५० आणि १९५७ या दोन टप्प्यांत उपनगरे बृहन्मुंबईत आली. ओव्हलवरील जुन्या सचिवालयात आज शहर दिवाणी व सत्र न्यायालय भरते आणि गोरेगावजवळ दिंडोशी येथेही त्याचे कामकाज चालते. उच्च न्यायालयासाठी वांद्रे (पूर्व) येथील शासकीय वसाहतीच्या जागेवर नवे संकुल उभारण्याचे ठरले असून सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्या पायाभरणीचा समारंभ झाला. एके काळी साष्टीतील पक्षकार बेटावरच्या न्यायालयाकडे जात असे. आता ते न्यायालयच साष्टीच्या भूमीवर येत आहे.

नव्या इमारतीत उद्वाहक असतील, रुंद मार्गिका असतील आणि दगडी पायऱ्यांचा त्रास कमी होईल. परंतु आपल्याच खटल्याचा निकाल दुसऱ्याकडून समजून घ्यावा लागणाऱ्या पक्षकारासाठी पायरी अजूनही उरतेच. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘अन्वये’, ‘तत्सम’ यांनी जड झालेली मराठीही अशीच पायरी बनू शकते. केवळ इंग्रजीऐवजी मराठी आणल्याने प्रश्न सुटत नाही. ती मराठी ज्याच्याविषयी आहे त्याला कळली पाहिजे. आपणांपैकी कोणी उद्या भाषांतरकार, लिपिक, पत्रकार किंवा वकील होतील. एखाद्या नोटिशीचा अर्थ शेजाऱ्याला समजावून सांगण्याची वेळ तर आपणां प्रत्येकावर येईल. तेव्हा या घटकाचा खरा उपयोग होईल.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २

१. १९०८ च्या खटल्यातील खास ज्युरीबाबत बॅ. बॅप्टिस्टा यांचा आक्षेप कोणता होता?
२. ‘साक्षीदार’ हा संकरित शब्द का म्हणावा?
३. उच्च न्यायालयाच्या भाषेविषयी तरतूद संविधानाच्या कोणत्या अनुच्छेदात आहे?

४.४ सारांश

मराठी मुलखातील जुना न्याय चावडीवर, सर्वांना समजणाऱ्या भाषेत होत असे. मात्र तेथे सर्वांना समान स्थान नव्हते. १८६२ मध्ये स्थापन झालेल्या उच्च न्यायालयाने बेटावरची इंग्रजी व मोफसलातील देशी भाषा असे दोन प्रवाह एकत्र आणले. १८७१ ते १८७८ या काळात उभारलेली त्याची गॉथिक इमारत न्यायाची प्रतिष्ठा, उघडपणा आणि अंतर या तिन्ही गोष्टी व्यक्त करते. १९०८ च्या खटल्यातून भाषांतराचा प्रश्न किती गंभीर असू शकतो हे दिसते, तर १९१६ व १९३७ चे निर्णय या वास्तूची दुसरी बाजू दाखवितात. न्यायव्यवहाराच्या मराठीत फारसी, इंग्रजी व संस्कृत असे थर आहेत. न्यायालय उपनगरात येत असताना न्यायाची भाषाही लोकांजवळ येणे आवश्यक आहे.

४.५ पारिभाषिक शब्द

मोफसल : मुख्य शहराबाहेरील प्रदेश.
महजर : सभेतील निवाड्याचा साक्षींसह लेख.
मुचलका : विशिष्ट अटी पाळण्याचे लेखी बंधपत्र.
ज्युरी : खटल्यातील वस्तुस्थितीचा निर्णय देणारे नागरिकांचे मंडळ.
संकरित शब्द : दोन भिन्न भाषांतील घटकांपासून बनलेला शब्द.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : १. महजर. २. १४ ऑगस्ट १८६२ रोजी. ३. कर्नल जेम्स ऑगस्टस फुलर यांनी. ४. सदर अदालतींची.

प्रश्न – २ : १. मराठी न जाणणारी ज्युरी मराठी लेखांचा निर्णय करू शकणार नाही, हा आक्षेप होता. २. ‘साक्षी’ हा संस्कृत शब्द व ‘-दार’ हा फारसी प्रत्यय यांपासून तो बनला आहे म्हणून. ३. अनुच्छेद ३४८.

४.७ स्वाध्याय

१. ‘न्यायालयाची वास्तू न्यायाची कल्पना व्यक्त करते’ हे विधान मुंबई उच्च न्यायालयाच्या इमारतीच्या आधारे स्पष्ट करा.
२. १९०८ च्या खटल्याच्या आधारे न्यायालयीन भाषांतरातील अडचणींची चर्चा करा.
३. न्यायव्यवहाराच्या मराठीतील शब्दांचे थर सोदाहरण लिहा.

क्षेत्रीय कार्य

(अ) चर्चगेट स्थानकाबाहेर पडून ओव्हल मैदानाच्या पश्चिम कडेने चालत जा. मध्य रेल्वेने येणाऱ्यांनी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून यावे. मैदानापलीकडील इमारतींची रांग पाहून प्रत्येक इमारतीच्या दगडाचा रंग, कमानींचा आकार व मनोरे यांची नोंद करा.

(आ) आपल्या घरी किंवा शेजारी असलेली एखादी जुनी नोटीस, करारपत्र अथवा खरेदीखत मालकाच्या परवानगीने वाचा. त्यातील दहा शब्द निवडून ते कोणत्या थरातील आहेत ते लिहा. नंतर त्यातील एक परिच्छेद, अर्थ न बदलता, शाळेत न गेलेल्या माणसालाही ऐकून समजेल अशा मराठीत पुन्हा लिहा आणि एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला वाचून दाखवा. त्यांनी कोठे थांबवून अर्थ विचारला, याची नोंद वहीत अवश्य करा.